नावाचा शिक्का आणि पितळेचा नाद : अ‍ॅडॉल्फ सॅक्सची जीवनकथा

लग्नसराई सुरू झाली की आपल्या पहूरला दिवसातून एक-दोन वराती तरी हमखास निघतात. पेठेतून निघालेली वरात कसब्याकडे वळेपर्यंत बँडवाल्यांना उसंत नसते. हल्ली डीजेच्या भिंतींनी त्यांचा निम्मा धंदा खाल्ला. तरीही नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला की अनेक घरी पितळी बँडच लागतो. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वरातीत बँडवाले लिंबाच्या सावलीला टेकले असताना मी एका वयोवृद्ध युफोनियमवाल्या बाबांजवळ जाऊन बसलो.

बाबांजवळ दोन वाद्ये होती. एक मेरठचे, अलीकडेच घेतलेले, लखलखीत. दुसरे जुने, जागोजागी पोचे पडलेले आणि डाग देऊन सांधलेले. रस्त्याने चालताना ते मेरठचे वाद्य वाजवीत. पण मांडवाच्या दारी सलामी द्यायची वेळ आली की जुनेच हाती घेत. कारण विचारले तेव्हा त्यांनी कर्ण्याच्या तोंडाजवळ अंगठा फिरवून एक झिजलेला शिक्का दाखविला. त्यावरची अक्षरे आता वाचता येत नव्हती. पण वाद्य विलायती आहे, आणि विलायती पितळेचा नाद काही निराळाच, याविषयी बाबांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. डोळे बांधून दोन्ही ऐकविली तर ओळखाल का, असे मी सहज विचारले. बाबा नुसते हसले आणि पुढच्या गाण्यासाठी उठले.

ते हसू काही मनातून जाईना. वादकाचा कान नाद ऐकतो की नाव ऐकतो? नाव मोठे लक्षण खोटे, असे आपण म्हणतो खरे. पण नाव मोठे असले की लक्षणही खरे वाटू लागते, त्याचे काय? या प्रश्नाच्या मागे लागून वाचीत गेलो, आणि एका अशा माणसाची ओळख झाली की ज्याचे सारे आयुष्य याच प्रश्नाच्या जात्यात भरडले गेले. त्याचे नाव अ‍ॅडॉल्फ सॅक्स. सॅक्सोफोन या वाद्याचा हा जनक. त्याचे वाद्य आपण सिनेमाच्या गाण्यांत असंख्य वेळा ऐकले आहे. त्याची कहाणी मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

सॅक्सचा जन्म 6 नोव्हेंबर 1814 रोजी दिनां या गावी झाला. हे गाव आज बेल्जियम देशात, म्यूज नदीच्या काठी आहे. तांब्या-पितळेच्या कामासाठी ते मध्ययुगापासून प्रसिद्ध. इतके की ठोकून घडविलेल्या तिथल्या भांड्यांना फ्रेंच भाषेत गावावरूनच नाव पडले. म्हणजे आपल्याकडच्या तांबट आळीसारखे हे गावच्या गाव म्हणावे. गावाच्या नावाने वस्तूची किंमत ठरते, हा धडा सॅक्सला जणू पाळण्यातच मिळाला होता.

वडील शार्ल जोसेफ सॅक्स हे मुळात सुतारकाम करणारे. पुढे ते वाद्ये करू लागले, ब्रुसेल्सला गेले आणि राजदरबारचे वाद्यनिर्माते झाले. अकरा भावंडांत अ‍ॅडॉल्फ थोरला. त्याचे बालपण म्हणजे अपघातांची मालिकाच होती असे चरित्रकार सांगतात. तो तीन मजल्यांवरून खाली कोसळला, दूध समजून आम्ल मिसळलेले पाणी प्याला, टाचणी गिळली, दारूच्या स्फोटात भाजला, नदीत पडून बुडता बुडता वाचला. हा मुलगा काही जगत नाही, असे आईने मनाशी ठरवून टाकले होते म्हणतात. शेजारीपाजारी तर त्याला भूत म्हणूनच ओळखीत. पुढच्या आयुष्यात शत्रूंनी घातलेले घाव त्याने ज्या चिकाटीने सोसले, तिची तालीम इथेच झाली असावी.

वडिलांच्या कारखान्यात हत्यारे हाताळीत तो वाढला. ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत तो बासरी आणि क्लॅरिनेट शिकला. म्हणजे वाद्य घडविणारा आणि वाजविणारा असे दोन्ही गुण त्याच्या ठायी एकत्र आले. पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच, 1830 साली, त्याने हस्तिदंताची वाद्ये करून प्रदर्शनात मांडली. 1838 साली बास क्लॅरिनेट या खर्जातल्या वाद्यात त्याने आमूलाग्र सुधारणा केली आणि तिचे पेटंट घेतले.

याच वाद्यावरून नावाशी त्याचा पहिला सामना झाला. ब्रुसेल्समधील एका प्रतिष्ठित वाद्यवृंदात बाखमान नावाचे नामांकित वादक होते. या पोरसवदा कारागिराने केलेले वाद्य आपण तोंडाला लावणार नाही, असे त्यांनी सांगितले. वाद्य वाईट आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांनी ते नीट वाजवूनही पाहिले नव्हते. त्यांचा आक्षेप करणाऱ्याच्या वयावर होता. सॅक्सने त्यांना जाहीर सामन्याचे आव्हान दिले. बाखमान आपल्या जुन्या वाद्यावर आणि सॅक्स आपल्या नव्या वाद्यावर, असा सामना श्रोत्यांपुढे झाला आणि सॅक्स जिंकला, असे त्याचे चरित्रकार लिहितात.

पुढची घटना तर याहून बोलकी आहे. 1841 साली ब्रुसेल्सला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. सॅक्सने तिथे आपली अनेक वाद्ये मांडली. परीक्षकांनी त्याला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. वरच्या समितीने मात्र ती फिरविली. मुलगा लहान आहे, यंदाच सोने दिले तर पुढच्या खेपेला द्यायला काय उरेल, असा समितीचा युक्तिवाद होता. त्याऐवजी सोन्याचा मुलामा दिलेले रुपेरी पदक देऊ केले. सॅक्सने ते नाकारले. पदक नादाला मिळायचे होते; ते वयाकडे पाहून अडविले गेले.

याच सुमारास त्याने आपले नवे वाद्य, म्हणजे पुढे सॅक्सोफोन म्हणून गाजलेले वाद्य, लोकांना पहिल्यांदा ऐकविले असे सांगतात. त्याचे पेटंट अजून झालेले नव्हते. कोणी नक्कल करू नये म्हणून सॅक्सने ते पडद्याआड उभे राहून वाजविले. कारण व्यवहाराचे होते. पण त्या पडद्यामागे एक मोठा अर्थ दडलेला आहे. वाद्य दिसत नाही, शिक्का दिसत नाही, करणाऱ्याचे वय दिसत नाही. कानावर येतो तो फक्त नाद. सॅक्सला पुढे अशी निखळ संधी फारशी कधी मिळालीच नाही.

पिकते तेथे विकत नाही हे ओळखून 1842 साली तो पॅरिसला गेला. खिशात पैसा बेताचाच होता. तिथे त्याला हेक्टर बर्लिओझ हा थोर संगीतकार भेटला. बर्लिओझ वृत्तपत्रांतून संगीतावर लिहीत असे आणि त्याच्या लेखणीचा पॅरिसमध्ये मोठा दरारा होता. त्याने सॅक्सचे काम बारकाईने पाहिले, ऐकले, आणि 12 जून 1842 रोजी एका प्रमुख दैनिकात त्याच्यावर स्तुतिपर लेख लिहिला. एका दिवसात सॅक्स हे नाव पॅरिसच्या संगीतवर्तुळात सर्वतोमुखी झाले. आता गंमत पाहा. ज्यांनी सॅक्सचे एकही वाद्य ऐकले नव्हते तेही त्याची तारीफ करू लागले, आणि ज्यांनी ऐकले नव्हते असेच दुसरे लोक त्याची निंदा करू लागले. वाद्याच्या आधी त्याचे नाव पोहोचले होते.

निंदा करणाऱ्यांत पॅरिसचे जुने वाद्यनिर्माते आघाडीवर होते. वादकांचे आणि या पेढ्यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचे. वादक पेढीच्या वाद्याची शिफारस करी आणि पेढी वादकाला सांभाळून घेई. अशा जागी परका तरुण येऊन उभा राहिला की काय होणार? 1843 साली दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराच्या एका ऑपेरात सॅक्सचे बास क्लॅरिनेट वापरायचे ठरले. परंतु वादकांनी असा काही विरोध केला की संगीतकाराला तो बेत सोडून द्यावा लागला. वाद्याचा सूर खोटा आहे अशी तक्रार नव्हती. ते सॅक्सचे आहे, एवढेच कारण पुरे झाले.

या सुमारास फ्रान्सच्या लष्करी बँडची अवस्था केविलवाणी झाली होती. मोकळ्या मैदानावर त्यांचा आवाज विरून जाई. इथे पितळी वाद्यांविषयी थोडे सांगायला हवे. साध्या बिगुलातून मोजकेच स्वर निघतात. नळीची लांबी बदलता आली तर सगळे स्वर मिळतात. ही किमया करणारे व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायचे दट्टे, जर्मनीत 1815 च्या आसपास निघाले होते. सॅक्सने ते शोधले नाहीत. त्याने केले ते असे: अगदी लहानापासून थेट खर्जापर्यंत, एकाच घडणीची, एकाच बोटफिरतीची वाद्यांची एक कुळीच तयार केली आणि तिला सॅक्सहॉर्न हे नाव दिले. एक वाद्य येणाऱ्याला दुसरे उचलता यावे, आणि सगळ्यांचा नाद एकमेकांत मिसळावा, अशी ही योजना होती. आपल्या बँडमधले युफोनियम याच घराण्याच्या जवळच्या नात्यातले.

बँडची सुधारणा कशी करावी हे ठरविण्यासाठी सरकारने समिती नेमली. ठरले असे की दोन्ही बाजूंनी उघड्या मैदानावर वाजवून दाखवावे. 22 एप्रिल 1845 रोजी पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर, जिथे पुढे आयफेल मनोरा उभा राहिला, तिथे हजारो लोकांसमोर हा सामना झाला. एका बाजूला लष्करी संगीतशाळेचे प्रमुख काराफा आणि जुन्या पद्धतीच्या वाद्यांचे पंचेचाळीस वादक. दुसऱ्या बाजूला सॅक्स आणि त्याचे अडतीस. त्यातही सॅक्सचे काही वादक ऐन वेळी आलेच नाहीत. विरोधकांनी त्यांना फोडले अशी बोलवा होती. सॅक्स डगमगला नाही. आहे त्या माणसांनिशी तो उभा राहिला.

आळीपाळीने दोन्ही बँड वाजले. सॅक्सच्या बँडचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत भरदार पोहोचला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मैदानावरच्या गर्दीला कोणत्या पेढीशी देणे-घेणे नव्हते, शिक्के वाचता येतील इतक्या जवळ ती उभीही नव्हती. तिने फक्त ऐकले. ऑगस्ट 1845 मध्ये सरकारने सॅक्सची वाद्ये लष्करी बँडसाठी मुक्रर केली. पुढच्या वर्षी, जून 1846 मध्ये, त्याला सॅक्सोफोनचे पेटंट मिळाले.

याच काळात समुद्रापलीकडे एक वेगळेच नाट्य घडत होते. इंग्लंडमधले डिस्टिन नावाचे पितापुत्रांचे पथक पितळी वाद्ये वाजवीत युरोपभर हिंडत असे. 1844 साली पॅरिसला त्यांनी सॅक्सची वाद्ये ऐकली आणि स्वतःची जुनी वाद्ये सोडून तीच घेतली. त्यांच्या मैफिली गाजल्या. मग इंग्लंडमधल्या गिरणी-खाणींच्या गावांतील बँडनाही डिस्टिन वाजवितात तसलीच वाद्ये हवीशी झाली. पुढे डिस्टिन घराण्यातील हेन्रीने स्वतःचाच कारखाना काढला आणि 1868 साली तो बूझी या इंग्रजी पेढीने विकत घेतला. म्हणजे जी गोष्ट पॅरिसमध्ये सॅक्सच्या विरुद्ध गेली, तीच इंग्लंडमध्ये त्याच्या बाजूने झाली. पॅरिसच्या वादकांनी नाव ऐकून नाक मुरडले. इंग्लंडच्या बँडनी नाव ऐकून पैसे मोजले. दोन्हीकडे नादाची परीक्षा करणारे थोडेच होते.

पॅरिसमधल्या विजयाची किंमत सॅक्सला आयुष्यभर मोजावी लागली. सरकारी हुकुमामुळे इतर कारखान्यांच्या पोटावर पाय आला. त्यांनी संघटना केली, वर्गणी जमविली आणि त्याला कोर्टात खेचले. सॅक्सहॉर्नमध्ये नवे काहीच नाही, हे तर जुनेच बिगूल, असा त्यांचा दावा. सॅक्सोफोनही आधीपासून होता हे दाखविण्याची त्यांची धडपड तर थक्क करणारी होती. सॅक्सचीच वाद्ये मिळवायची, त्यांवरचा शिक्का घासून काढायचा, परदेशात पाठवून तिथल्या कोणाचा तरी शिक्का मारून घ्यायचा आणि ती जुनी म्हणून कोर्टात दाखवायची, असा उद्योग झाल्याचे सॅक्सच्या बाजूचे लोक सांगत. हे खरे असेल तर याहून मोठी कबुली दुसरी कोणती? वाद्य तेच, नाद तोच. बदलायचा होता तो फक्त शिक्का.

या भांडणात सॅक्सने एक मुद्दा सातत्याने मांडला, आणि तो शास्त्रीय दृष्टीने फार मोलाचा आहे. वाद्याचा नाद नळी कशाची आहे यावर ठरत नाही, तर आतल्या हवेच्या स्तंभाचा आकार आणि त्याची प्रमाणे यांवर ठरतो, असे त्याचे म्हणणे होते. हवा कंप पावते. धातू फक्त तिला धरून ठेवतो. सॅक्सोफोन हेच याचे उदाहरण. तो पितळेचा, पण त्याला क्लॅरिनेटसारखी वेताची पत्ती असते, म्हणून त्याची गणना पितळी वाद्यांत न होता काष्ठवाद्यांत होते. विलायती पितळेचा नाद निराळा म्हणणारे आमचे बाबा आणि सॅक्स समोरासमोर आले असते तर मोठी मौज झाली असती!

अर्थात सॅक्स काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. तो हट्टी, गर्विष्ठ आणि भांडखोर होता. नावाचे सामर्थ्य त्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच सॅक्सहॉर्न, सॅक्सोट्रोंबा, सॅक्सट्युबा, सॅक्सोफोन असे जे जे केले त्यावर त्याने स्वतःचेच नाव कोरले. सॅक्सहॉर्नमधले पुष्कळसे इतरांच्या शोधांवर उभे होते, हा विरोधकांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. ज्या नावाच्या जोरावर तो चढला त्याच नावाने त्याला शत्रू मिळवून दिले.

1848 साली फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा गेला आणि सॅक्सच्या बाजूचा हुकूमही गेला. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याला सर्वोच्च श्रेणीचे पदक मिळाले. पण 1852 साली दिवाळे निघाले. तिसऱ्या नेपोलियनच्या अमदानीत, 1854 मध्ये, त्याला पुन्हा राजाश्रय मिळाला. दरम्यान ओठावर गाठ आली. वादकाच्या ओठावरच घाला! खाणेपिणेही मुश्कील झाले. 1859 साली त्यातून तो बरा झाला. 1857 पासून पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे फ्रान्सच्या सर्वांत मानाच्या संगीतशाळेत, तो सॅक्सोफोन शिकवीत होता. जर्मनीशी युद्ध झाले आणि 1870 साली तो वर्गही बंद पडला.

या वर्गाची पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. कॉन्झर्व्हेटरीत सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा सुरू व्हायला 1942 साल उजाडावे लागले. मधल्या बहात्तर वर्षांत वाद्य तेच राहिले, जगभर पसरले. पण ते लष्करी बँडचे, पुढे जाझचे, नाचगाण्याचे वाद्य म्हणून ओळखले जाऊ लागले होते. प्रतिष्ठित वाद्यवृंदात त्याला बसायला जागा नव्हती. नुसत्या नावलौकिकाने वाद्याला शाळेची दारे कशी बंद होतात, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

1866 साली सॅक्सोफोनच्या पेटंटची मुदत संपली आणि तेच प्रतिस्पर्धी ते वाद्य करू लागले. कालपर्यंत ज्यात दोष काढले तेच आता आपल्या शिक्क्याने उत्तम ठरले. 1873 आणि 1877 अशी आणखी दोनदा सॅक्सची दिवाळी निघाली. त्याने जन्मभर हौसेने जमविलेला शेकडो वाद्यांचा संग्रह लिलावात गेला. फेब्रुवारी 1894 मध्ये, एकोणऐंशी वर्षांचा होऊन, तो पॅरिसमध्ये दारिद्र्यात वारला. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे.

मृत्यूनंतर त्याच्या नावाचे पारडे पुन्हा फिरले. त्याच्या मुलाने चालविलेला कारखाना 1929 च्या सुमारास सेलमर या पेढीने घेतला. 1954 साली या पेढीने बाजारात आणलेला मार्क सिक्स नावाचा सॅक्सोफोन आज दंतकथा होऊन बसला आहे. अमुक क्रमांकाच्या आतला असेल तर नाद सोन्याचा, असे मानून वादक आधी त्याच्यावरचा आकडा वाचतात आणि मग फुंकतात. ज्याच्या नावाला पॅरिसने हिणविले, त्याचे चित्र 1995 साली बेल्जियमच्या 200 फ्रँकच्या नोटेवर आले. नोटेवर चित्र आणि मरताना घरात दमडी नाही, असा हा दैवाचा न्याय.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. कान नाद ऐकतो की नाव? सॅक्सच्या पडद्याची आठवण व्हावी असे प्रयोग पुढे शास्त्रज्ञांनी केले. 1971 साली अमेरिकेत कोल्टमन यांनी चांदीची, तांब्याची आणि लाकडाची अशा एकाच मापाच्या तीन बासऱ्या केल्या. हाताच्या स्पर्शाने ओळखू येऊ नये अशा रीतीने त्या एका फिरत्या दांड्यावर बसविल्या. ऐकणाऱ्यांनाही ओळखता आल्या नाहीत आणि वाजविणाऱ्यांनाही नाही. 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथ यांनी ट्रॉम्बोनच्या तोंडाचा पत्रा कमीअधिक जाडीचा करून नामवंत वादकांना न दाखविता वाजवायला दिला; त्यांनाही फरक सांगता आला नाही. 2010 साली इंडियानापोलिस येथे एकवीस व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने दिली. त्यांतल्या तेरा जणांनी घरी न्यायला म्हणून नवे व्हायोलिन निवडले, आणि सर्वांत नापसंत ठरले ते जगप्रसिद्ध स्ट्राडिव्हरी घडणीचे.

याचा अर्थ सगळी वाद्ये सारखीच असा मुळीच नाही. नळीची मापे चुकली, व्हॉल्व्हमधून हवा निसटली, तर सूर बिघडणारच. आणि ते चांगल्या वादकाला तत्काळ कळते. तसेच नाव म्हणजे निव्वळ थोतांड असेही नाही. आपल्या बँडवाल्यांचेच पाहा. इंग्रजी पलटणींबरोबर ही वाद्ये हिंदुस्थानात आली, पलटणींतून संस्थानांत आणि तिथून लग्नाच्या वरातीत. मेरठच्या जली कोठी भागात ती घडू लागली आणि गरीब बँडलाही परवडू लागली. ज्याला वर्षाच्या कमाईतून एकच वाद्य घ्यायचे आहे त्याने दहा वाद्ये वाजवून कशी पाहावीत? तो ओळखीच्या शिक्क्यावर विसंबतो. नाव ही गरिबाची हमी असते. चूक होते ती तिथे नाही. नाव पाहून वाद्य विकत घेणे समजू शकते; पण घेतल्यावरही कानाने आपले काम नावाकडे सोपविले, की मेरठच्या कारागिराचे उत्तम काम दुय्यम ठरते आणि पोचा पडलेले विलायती वाद्य देवघरात जाते. बाखमान यांची चूक हीच. आमच्या बाबांचीही कदाचित हीच.

आणि खरे सांगायचे तर आपलीही हीच. आपण पहूरचे विद्यार्थी पदवी घेऊन पुण्या-मुंबईला मुलाखतीला जातो तेव्हा समोरचा माणूस आधी कॉलेजचे नाव वाचतो. पहूर कोठे आले, असे विचारतो. आपल्या तोंडून दोन वाक्ये निघण्याआधीच आपला भाव ठरलेला असतो. त्या वेळी आपल्याला राग येतो. पण आपणही तेच करतो ना? शहरातल्या वक्त्याचे भाषण सुमार असले तरी टाळ्या वाजवितो आणि आपल्याच वर्गातल्या मुलाची चांगली कविता गावची म्हणून बाजूला ठेवतो. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपण दुसऱ्यांना लावतो. कथलाच्या नावाखाली सोने असू शकते, याचा विचार करीत नाही.

सॅक्सच्या आयुष्यातून मला उमजले ते इतकेच. नाव मिळण्याची वाट पाहात तो बसला नाही; जिथे जिथे ऐकवायची संधी मिळाली तिथे तिथे त्याने वाजवून दाखविले. बाखमान यांच्यासमोर, पडद्याआड, अपुऱ्या वादकांनिशी मैदानावर. दर वेळी लोकांनी त्याला ऐकले तेव्हा तो जिंकला, आणि नुसते नाव वाचले तेव्हा हरला. मुलाखतीच्या खोलीत आपल्याला पडदा मिळणार नाही, हे खरे. पण आपल्या हाती असलेला नाद चोख ठेवणे आणि दुसऱ्याचा नाद ऐकताना शिक्क्यावरचा अंगठा क्षणभर काढून घेणे, एवढे तर आपल्याला करता येईल.

येत्या लग्नसराईत ते बाबा पुन्हा भेटले तर मी त्यांना दोन्ही वाद्ये वाजवायला सांगणार आहे. या खेपेला त्यांच्याकडे पाठ करून, वाघूरच्या बाजूला तोंड करून बसेन. मला ओळखता आले नाही तर तसे कबूल करीन. आणि आले, तर बाबांची क्षमा मागून हा लेख पुढच्या अंकात सुधारून देईन.